शाबासकी आणि टोमणा, दोन्ही एकाच गोळीमुळे

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बाईंच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. "वा! तुमचा रेस्टिंग पल्स गेल्या काही दिवसांत छान खाली आलाय. हृदय मजबूत होतंय. असंच चालू ठेवा." त्याच दिवशी संध्याकाळी ते पुन्हा थरथरलं. "आजही चालताना जोर थोडा कमी पडला. उद्या वेग वाढवून बघा, जमेल तुम्हाला."

दोन्ही निरोप आमच्या सॉफ्टवेअरचे. (रेस्टिंग पल्स म्हणजे आराम करतानाची नाडी.) एकाच बाईंना, एकाच दिवशी. सकाळी शाबासकी, संध्याकाळी टोमणा. हृदय काही मजबूत झालेलं नव्हतं आणि बाईंनी आळसही केलेला नव्हता. डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलली होती, एवढंच.

या सॉफ्टवेअरमधले निरोप लिहिणं आणि कुठला निरोप कधी जावा याचे नियम आखणं हे माझं काम. त्यामुळे वरची दोन्ही वाक्यं माझीच आहेत. बाईंची ओळख पटू नये म्हणून वय आणि इतर काही तपशील थोडे इकडेतिकडे केले आहेत. चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत.

कार्यक्रम साधा होता. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी "रोज चाला" असं सांगितलंय, अशांसाठी सहा महिन्यांची सोबत. मनगटावर घड्याळ, फोनमध्ये अ‍ॅप आणि पलीकडे एक माणूस: अनुभवी नर्स. त्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे. सिस्टर प्रत्येकाला तीन-साडेतीन आठवड्यांतून एकदा फोन करत. मधल्या दिवसांत सांभाळायचं काम सॉफ्टवेअरचं. एका सिस्टरला बऱ्याच लोकांकडे लक्ष देता यावं, हाच तर या सगळ्या खटाटोपाचा हेतू होता.

लक्ष्य आम्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींवरून घेतलं होतं: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. दहा हजार पावलांच्या मागे आम्ही लागलो नाही. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या 'मानपो-केई' या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक'. २०१९ साली आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी वयस्कर बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मृत्यूचं प्रमाण साधारण ७,५०० पावलांपर्यंतच घटत गेलेलं दिसलं. त्यापुढे आलेख सपाट. तेव्हा पावलं नकोत, 'झोन मिनिटं' मोजू, असं ठरलं. नाडी एका ठरावीक पट्ट्यात असेल तेवढी मिनिटं जमा धरायची.

पट्टा कसा ठरवायचा? २२० वजा वय ही कमाल नाडी आणि तिच्या ६४ ते ७६ टक्के म्हणजे मध्यम जोर. बाईंचं वय ६१ धरा. कमाल १५९, पट्टा १०२ ते १२१. हे २२०चं सूत्र १९७१च्या एका लेखातून पसरलं आणि जगभरच्या जिममधल्या तक्त्यांवर जाऊन बसलं. २००१मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी जरा बरं सूत्र दिलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. त्याने बाईंची कमाल १६५ येते. पण दोन्ही सूत्रं सरासरीचीच. एखाद्या माणसाची खरी कमाल त्यापासून दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे असणं अगदी नेहमीचं. हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्या कागदपत्रांत तशी तळटीपही होती. तळटीप सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

घड्याळाला काय दिसतं

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश बराच शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. या चढउतारात घड्याळ लय शोधतं आणि त्या लयीला नाडी म्हणतं. हाताच्या हालचालीलाही लय असते, थंडीत त्वचेजवळचं रक्त कमी होतं, गोंदणाची शाई प्रकाश अडवते, पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो. असं बरंच काही त्या लयीत मिसळतं.

स्टॅनफर्डच्या चमूने २०१७मध्ये मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली होती. सातपैकी सहांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरींचं मात्र हसू व्हावं असं होतं: सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकत होतं, सगळ्यात वाईट ९३ टक्के. म्हणून कॅलरी दाखवायच्याच नाहीत असं आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं आणि आपण किती जबाबदार आहोत या विचाराने पुढचे काही महिने स्वतःवर खूश होतो.

नंतर जे घडलं त्यात सेन्सर जवळजवळ सगळा वेळ बरोबर होता. आमचं सगळं लक्ष आकडा चुकण्यावर होतं आणि घात केला तो बरोबर आकड्याने.

बाईंचे तीन आठवडे

पहिले पाच आठवडे दृष्ट लागावी असे गेले. रोज अर्धा तास चालणं, चालताना नाडी १०८ ते ११२, रेस्टिंग पल्स ७४च्या आसपास. झोन मिनिटं ठरल्याप्रमाणे जमा होत होती. सहाव्या आठवड्यात रेस्टिंग पल्स चार रात्रींत ७४वरून ६१वर आला. चालताना नाडी ९२-९५च्या वर जाईना. चालण्याचा वेळ तोच, मिनिटाला पडणारी पावलं तीच, रस्ताही तोच. झोन मिनिटं शून्य.

शून्य मिनिटं आली की काय बोलायचं याची आम्ही एक शिडी केली होती. पहिल्या दिवशी गप्प. तिसऱ्या दिवशी हळूच आठवण. सहाव्या दिवशी "वेग वाढवून बघा". नवव्या दिवशी "चढ किंवा जिना घेऊन बघा". कुणावर ओरडायचं नाही, 'तुम्ही'च म्हणायचं, दोष द्यायचा नाही, प्रत्येक वाक्याच्या शेवटी भरवसा दाखवायचा, हे सगळं मी कसोशीने पाळलं होतं. भाषा इतकी गोड होती की सल्ला चुकीचा आहे हे तिच्याआड लपून गेलं. उद्धट निरोप असता तर बाईंनी कदाचित पहिल्याच आठवड्यात वैतागून सिस्टरला फोन केला असता.

पण बाई सांगितलेलं काम पार पाडणाऱ्यांपैकी. त्यांनी वेग वाढवला. मग जिने घेतले. बाराव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर पोचताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या. पाच मिनिटांनी बरं वाटलं, उठून घरी गेल्या. रात्री अ‍ॅपने रोजच्यासारखं विचारलं, "आजचा दिवस कसा गेला?" त्यांनी टाइप केलं: "आज चक्कर आली, जिन्यात बसले."

अ‍ॅपचं उत्तर: "छान! रोजची एक चक्कर सवय पक्की करते."

या उत्तराकडे नंतर आम्ही सगळे बराच वेळ नुसते बघत बसलो होतो. त्याची गोष्ट पुढे सांगते.

पंधराव्या दिवशी अचानक यश आलं. नाडी ११३, झोन मिनिटं २६, अ‍ॅपमध्ये हिरवं वर्तुळ पूर्ण. "बघा, जमलं की नाही!" असा निरोप गेला. कच्चा डेटा उघडला तेव्हा दिसलं की त्या दिवशी बाईंची पावलंही मिनिटाला ११३च पडत होती, आणि त्या २६ मिनिटांत 'नाडी'ची रेघ पावलांच्या रेघेवर जणू चिकटवलेली होती. एकीने वळण घेतलं की दुसरीनेही. पट्टा सैल होता. प्रकाशातली खरी नाडी क्षीण झाली होती आणि घड्याळाने हाताच्या झोक्याची लय उचलून तिलाच नाडी म्हटलं होतं. या क्षेत्रातले लोक याला 'केडन्स लॉक' म्हणतात. तीन आठवड्यांत घड्याळ खोटं बोललं ते एवढंच, आणि नेमक्या त्याच दिवशी आम्ही बाईंची पाठ थोपटली.

एक फोन

सिस्टरचा फोन ठरल्या वेळापत्रकाप्रमाणेच गेला. कुठल्याही धोक्याच्या सूचनेमुळे नाही.

"काकू, कसं काय चाललंय?"

"चाललंय गं सिस्टर. पण तुमचं घड्याळ रुसलंय माझ्यावर. सकाळी गोड बोलतं, संध्याकाळी नावं ठेवतं."

"म्हणजे?"

"मी तेवढीच चालते हो. उलट जास्तच. पण ते म्हणतं जोरच नाही."

"गोळी तीच चालू आहे ना?"

"नाही, मागेच बदलली. जुनीने पाय सुजायचे."

"पाकीट आहे जवळ? नाव वाचता का?"

बाईंनी चष्मा शोधला आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं. मेटोप्रोलोल. सिस्टरला तिथेच कळलं. पुढचा प्रश्न त्यांनी चक्कर येते का असाच विचारला, मग जिने ताबडतोब बंद करायला सांगितले, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला सांगितला, आणि गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही हे दोनदा बजावलं. डॉक्टरांनी तपासून डोस कमी केला. बाईंना पुढे त्रास झाला नाही.

सगळं संभाषण चार मिनिटांचं. सॉफ्टवेअरकडे तीन आठवडे होते, आणि मिनिटामिनिटाची नाडी.

मेटोप्रोलोल हे बीटा ब्लॉकर गटातलं औषध. अ‍ॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं हृदयाला "वेग वाढव" असा जो निरोप देतात, तो हृदयावरच्या बीटा ग्राहकांपाशी, म्हणजे तो निरोप घेणाऱ्या रिसेप्टरपाशी, अडवायचा, हे या गटाचं काम. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात या मार्गाने याच गटातलं प्रोप्रॅनोलोल तयार केलं आणि १९८८च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. अशा गोळीवर असलेल्या माणसाची नाडी बसल्या जागीही कमी असते आणि चालतानाही कमीच चढते. मेहनत तेवढीच, ठोके कमी. बाईंना १०२ गाठायला सांगणं म्हणजे हँडब्रेक ओढलेल्या गाडीला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगणं.

हे नवीन ज्ञान नाही. व्यायाम शिकवणाऱ्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात लिहिलेलं असतं की बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना नाडीचे तक्ते लावू नका. आमच्या सल्लागार डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं, मलाही ऐकून माहीत होतं. मग ते सॉफ्टवेअरमध्ये का नव्हतं?

फॉर्म आणि दोन फाइली

नोंदणीच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता: "रक्तदाबासाठी औषध घेता का? हो / नाही." बाईंनी 'हो' केलं होतं. रक्तदाबाच्या कार्यक्रमात येणारा जवळजवळ प्रत्येक जण 'हो'च म्हणणार, तेव्हा या प्रश्नातून काहीच कळत नव्हतं. पहिल्या मसुद्यात गोळ्यांची यादी होती. "फॉर्म फार लांबतोय, लोक अर्ध्यात सोडतात" म्हणून ती काढली. काढायला मी हो म्हटलं होतं. आणि यादी ठेवली असती तरी बाईंचा त्रास टळला नसता, कारण नोंदणीच्या दिवशी त्या जुन्याच गोळीवर होत्या. फॉर्म एकदा भरतात. गोळ्या बदलत राहतात.

दुसरं कारण मला जास्त बोचतं. रेस्टिंग पल्स उतरला की शाबासकी देणारा नियम एका फाइलमध्ये होता, झोन मिनिटं शून्य आली की टोकणारा नियम दुसऱ्या फाइलमध्ये. पहिला आमच्या प्रोग्रॅमरने 'प्रगती' विभागासाठी केला, दुसरा मी 'आजचं लक्ष्य' विभागासाठी. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे दिसतात. नियमित व्यायामाने रेस्टिंग पल्स उतरतो हे खरंच आहे. पण तो सावकाश उतरतो, आठवडे-महिने घेत, थोड्या ठोक्यांनी. चार रात्रींत तेरा ठोके उतरले तर त्याला तंदुरुस्ती म्हणत नाहीत. आणि ज्याचं हृदय एकाएकी इतकं मजबूत झालंय तोच माणूस त्याच आठवड्यात चालण्यात ढिला पडलाय, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या असत्या तर शाळकरी पोरालाही खटकल्या असत्या. त्या एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअरमध्ये कुणी नव्हतं. एकत्र ठेवल्या त्या बाईंनी: सकाळी गोड बोलतं, संध्याकाळी नावं ठेवतं.

आता ती चक्कर. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा धोक्याच्या शब्दांची यादी होती: छातीत दुखणं, धाप, घाम, चक्कर वगैरे. यातला एखादा शब्द उत्तरात आला की सिस्टरच्या पडद्यावर लाल खूण उमटायची. पहिल्या पंधरवड्यात लाल खुणांचा पाऊस पडला, कारण लोक लिहीत होते "एक चक्कर मारून आले", "सकाळची चक्कर झाली", "दोन चकरा टाकल्या". चालण्याच्या कार्यक्रमात माणसं याहून वेगळं काय लिहिणार? सिस्टर वैतागल्या, आणि आम्ही 'चक्कर' हा शब्द धोक्याच्या यादीतून उचलून कौतुकाच्या यादीत टाकला. मराठीत चक्कर मारतात, टाकतात, आणि चक्कर येते. क्रियापदावर सगळं अवलंबून. यादी करताना आम्ही नुसती नामं गोळा केली होती. माझी मातृभाषा मराठी, आणि तरी ही चूक माझ्या नजरेतून सुटली, कारण मी वाक्यं वाचत नव्हते, खुणा मोजत होते.

दुरुस्ती तासाभराची होती. 'चक्कर येणे', 'गरगरणे', 'अंधारी येणे', 'घेरी' यांची सगळी रूपं धोक्यात, 'मारणे', 'टाकणे' बरोबरची चक्कर बाहेर, आणि शंका असली तर कौतुक न करता साधा प्रश्न: "फिरायची चक्कर, की डोक्याला चक्कर?" लोकांना हा प्रश्न आवडतो असं दिसलं. हसून उत्तर देतात.

काय बदललं, आणि कशावरून भांडलो

प्रोग्रॅमरचा पहिला प्रस्ताव होता की नाडीच्या आलेखावरून औषध ओळखणारं मॉडेल बनवूया. तांत्रिकदृष्ट्या मोहात पाडणारी कल्पना. सिस्टरनी विचारलं, "विचारायचं सोडून ओळखायचं कशाला?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. नाडी अचानक उतरायला बीटा ब्लॉकर हे एकच कारण नसतं. थायरॉइड मंदावतं, हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा येतो, आणखीही काही असू शकतं. मॉडेलने 'औषध' असा अंदाज बांधला आणि खरं कारण दुसरं निघालं, तर आम्ही एका चुकीच्या जागी दुसरी बसवली असती.

तेव्हा ठरलं की सेन्सरने फक्त 'इथे काहीतरी बदललंय' एवढंच सांगायचं. रेस्टिंग पल्स सलग काही रात्री नेहमीच्या पातळीपासून दूर राहिला, किंवा तेवढ्याच वेगाने चालताना नाडी पूर्वीपेक्षा वेगळी येऊ लागली, की नाडीवर बेतलेले सगळे निरोप बंद. शाबासकीसुद्धा. मग एक प्रश्न.

त्या प्रश्नाच्या शब्दांवर आम्ही जितका वेळ घातला तितका बाकी कशावरही नसेल. पहिला मसुदा होता "तुम्ही बीटा ब्लॉकर घेता का?" गोळी घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तिचा गट माहीत असतो. दुसरा मसुदा मी लिहिला आणि मला तो फार आवडला होता: "तुमच्या नव्या गोळीमुळे नाडी वाढत नसावी. काळजी नको." सिस्टरनी वाचला आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "हे वाचून एखादा काय करेल सांगू? वर्तुळ पूर्ण करायला गोळी बंद करेल." बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवला तर नाडी आणि रक्तदाब उसळी मारतात, हृदयविकार असलेल्यांना ते जिवावर बेतू शकतं. लक्ष्य गाठण्याच्या आड गोळी येतेय, असं सुचवणारं एकही वाक्य सॉफ्टवेअरच्या तोंडी असता कामा नये. हे मला सुचलं नव्हतं. बारा दिवस जिने चढणाऱ्या बाईंची गोष्ट समोर असूनही सुचलं नव्हतं.

शेवटी राहिलं ते असं: "गेल्या काही दिवसांत एखादी गोळी नवी सुरू झाली, बदलली, किंवा तिचा डोस कमी-जास्त झाला का?" पर्याय तीन: हो, नाही, माहीत नाही. 'माहीत नाही' हे 'हो'सारखंच धरायचं. दोन्हींत सिस्टरचा फोन जातो. 'नाही' आलं तरी फोन जातो, आणि तो लवकर जातो, कारण गोळी बदललेली नसताना नाडी इतकी हलली असेल तर डॉक्टरांनी बघायला हवं.

मध्यम जोर आता दोन मार्गांनी ठरतो. एक म्हणजे पावलांची गती. कॅट्रीन ट्युडर-लॉक आणि इतरांच्या कामातून प्रौढांसाठी मिनिटाला साधारण १०० पावलं ही मध्यम जोराची ढोबळ सीमा पुढे आली आहे, आणि गोळीने पावलं मोजण्यात फरक पडत नाही. ढकलगाडी किंवा काठी धरून चालणाऱ्यांचा हात हलत नाही, त्यामुळे त्यांची पावलं घड्याळाला कमी दिसतात. दुसरा मार्ग म्हणून चालून झालं की विचारायचं: "चालताना बोलता येत होतं का? गाता आलं असतं का?" बोलता येतं पण गाता येत नाही, म्हणजे मध्यम. हिला 'टॉक टेस्ट' म्हणतात आणि तिला बॅटरी लागत नाही. बोर्ग यांची ६ ते २० ही श्रमाची पट्टीही विचारात होती. तिचे आकडे असे विचित्र का, तर दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाची साधारण नाडी यावी म्हणून, ६० ते २००. नाडी नको म्हणून जिच्याकडे गेलो ती पट्टीसुद्धा मुळात नाडीवरूनच आखलेली. लोकांना ६पासून सुरू होणारी पट्टी समजावण्यात निम्मी बैठक गेली आणि आम्ही गाण्यावर परत आलो.

भांडण झालं ते 'माहीत नाही' या स्थितीवरून. आधी आमच्याकडे दिवसाच्या दोनच स्थिती होत्या: जमलं, नाही जमलं. घड्याळ चार्जिंगला होतं, पट्टा सैल होता, नाडीचा पट्टाच या माणसाला लागू नव्हता, हे सगळं 'नाही जमलं'मध्येच मोडायचं. मी तिसरी स्थिती मागितली: वर्तुळाच्या जागी आडवी रेघ, "आज आम्हाला कळलं नाही." प्रोग्रॅमर म्हणाला, लोकांना वाटेल अ‍ॅप बिघडलंय. व्यवस्थापनाला वाटलं, सलग दिवसांची मालिका तुटली की लोक सोडून जातील. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, पण मालिका चालू ठेवणं म्हणजे कार्यक्रम चालू ठेवणं नव्हे. रेघ आली. मालिका काढली नाही, रेघेच्या दिवशी ती तुटत नाही एवढीच तडजोड झाली.

निरोपांची संख्याही त्याच बैठकीत कापली. दिवसाला पाच होते, आता जास्तीत जास्त एक. इथे मला 'हार्टस्टेप्स'चा दाखला कामी आला. क्लास्न्या, मर्फी आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेला हा सहा आठवड्यांचा प्रयोग. दिवसातून पाच वेळा, निरोप पाठवायचा की नाही हे सॉफ्टवेअर नाणेफेकीसारखं ठरवायचं, आणि पुढच्या अर्ध्या तासातली पावलं मोजायची. सुरुवातीला निरोपामुळे पावलं ६६ टक्के वाढली. २८व्या दिवसापर्यंत तो परिणाम जवळपास विरून गेला. "चाला" या निरोपाचा सरासरी फायदा दिसला, "बसून राहू नका"चा दिसलाच नाही. माणूस घड्याळाच्या थरथरीला सरावतो, हे तुम्हीआम्ही मनगटावर अनुभवतोच. बाईंच्या बाबतीत उलटं झालं होतं: त्या सरावल्या नाहीत, प्रत्येक निरोप मनावर घेत राहिल्या. सरासरीत अशा माणसांचा आवाज ऐकू येत नाही, आणि चुकीच्या सल्ल्याची झळ लागते ती त्यांनाच.

घड्याळ म्हणजे फायदाच, हे गृहीत धरण्याचं कारण तसंही नव्हतं. जॅकिसिक आणि सहकाऱ्यांच्या २०१६च्या चाचणीत ४७१ तरुण प्रौढ होते, दोन वर्षं. आहार-व्यायामाच्या सल्ल्याबरोबर उपकरण मिळालेल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं, उपकरणाशिवाय तोच कार्यक्रम करणाऱ्यांचं ५.९ किलो. हा निकाल मी बैठकीत नेहमी काढते आणि नेहमी कुणीतरी म्हणतं, "ते उपकरण जुनं होतं." असेल. आमचं नवं होतं.

नंतर

बाईंनी कार्यक्रम पूर्ण केला. चालण्याची मिनिटं आता पावलांच्या गतीवर मोजली जातात आणि त्यांचं वर्तुळ बहुतेक दिवशी भरतं. पहिल्यांदा रेघ दिसली तेव्हा त्यांनी सिस्टरला विचारलं होतं, "ही मेली रेघ कसली?" सिस्टरनी सांगितलं की आज घड्याळाला कळलं नाही. "मग तसं म्हणावं ना," बाई म्हणाल्या. रेघेखालचं वाक्य आम्ही मोठ्या अक्षरात केलं.

गोळीचा प्रश्नही त्यांना दोनदा आला, कारण उंबरठा आम्ही जरा जास्तच हळवा ठेवला होता. दुसऱ्यांदा त्या चिडल्या. "सारखं काय विचारतं? काही झालं तर मीच सांगेन की. पण सांगू कुठे?" हे खरंच होतं. अ‍ॅपमध्ये आम्ही विचारू तेव्हाच बोलायची सोय होती. त्यांच्या मनात आलं तर बोलायला एक बटणही नव्हतं.

ते बटण केलं: 'मला काही सांगायचंय'. मजकूर थेट सिस्टरच्या पडद्यावर जातो, मधे कुठलीही शब्दांची यादी नाही. आम्हाला वाटलं, गोळ्या, दुखणी, चक्कर असं काही येईल. बाईंचा पहिला निरोप आला तो असा: "पट्टा चावतो. खाज येते म्हणून मी तो पहिल्यापासून सैल बांधते, आणि हल्ली तर आणखीच. चालेल ना?"